ग्रंथमित्र गांधीजी

वर्ध्याहून सेवाग्रामाकडे जाणारा रस्ता आपल्या जिल्ह्यांतील मुलांच्या पायांखालचा आहे. शाळेच्या सहलीबरोबर, घरीं आलेल्या पाहुण्यांना घेऊन, किंवा सहज म्हणून आपण सारे केव्हां ना केव्हां त्या आश्रमांत जाऊन आलों आहों. मातीच्या भिंतींची व कौलारू छपराची ती बापूकुटी आपण पाहिली आहे. तेथें उभे राहिल्यावर आपणांस चरखा आठवतो, उपवास आठवतात, मिठाचा सत्याग्रह आठवतो. परंतु त्या कुटींत राहणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यांत पुस्तकांनीं केवढें काम केलें, आणि त्यांपैकीं कित्येक पुस्तकें कोणा ना कोणा मित्राच्या हातून त्याच्याकडे आलीं, ही गोष्ट फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं. महात्मा गांधींच्या चरित्राची हीच एक बाजू विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म काठेवाडांतील पोरबंदर येथें २ ऑक्टोबर १८६९ रोजीं झाला. लहानपणीं ते मोठे वाचक होते असें कोणीं समजूं नये. शाळेचे धडे तयार व्हावेत, गुरुजींचा ठपका येऊं नये, एवढीच त्यांची धडपड असे. त्यापलीकडे अवांतर वाचनाची त्यांना गोडी नव्हती. अशा मुलाच्या हातीं एके दिवशीं वडिलांनीं विकत घेतलेलें, श्रावणाच्या पितृभक्तीवरील एक नाटक पडलें. तें त्यानें मोठ्या आवडीनें वाचलें. त्याच सुमारास चित्रें दाखवीत फिरणारे लोक गांवांत आले, आणि आंधळ्या आईबापांस कावडींत घेऊन चाललेला श्रावण त्याला चित्रांतही दिसला. तो ठसा जन्मभर पुसला गेला नाहीं. पुढें वडील आजारी पडले, तेव्हां लाधा महाराज नांवाचे एक रामभक्त रोज सायंकाळीं त्यांच्यापुढें रामायण वाचीत. १३ वर्षांचा मोहन तें ऐकतां ऐकतां तल्लीन होऊन जाई. एकानें वाचावें व चौघांनीं ऐकावें, ही आपल्या देशाची जुनी रीत आहे. आपल्या खेड्यांतूनही पोथी अशीच वाचली जात असे. गांधीजींच्या वाचनाचा पाया या श्रवणांत घातला गेला.

१८८८ सालीं, १९ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनला गेले. मांसाहार करणार नाहीं असें वचन त्यांनीं निघतांना आईला दिलें होतें, आणि परक्या देशांत तें पाळतांना त्यांना अर्धपोटीं राहावें लागे. हिंडतां हिंडतां एके दिवशीं त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सांपडली. तेथें विक्रीला मांडलेल्या पुस्तकांत हेन्री सॉल्ट यांचें शाकाहाराचें समर्थन करणारें एक पुस्तक होतें. तें त्यांनीं एक शिलिंग देऊन घेतलें व अथपासून इतिपर्यंत वाचलें. तोंवर केवळ आईच्या वचनासाठीं जें पाळलें जात होतें, तें आतां स्वतःच्या खात्रीनें पाळलें जाऊं लागलें. पुढें ते शाकाहारी मंडळांत काम करूं लागले, आणि एका पुस्तकाच्या योगें परक्या शहरांत त्यांना सोबती मिळाले.

विलायतेंतील दुसरें वर्ष संपत आलें असतां थिऑसफी पंथाच्या दोघां भावांशीं त्यांची ओळख झाली. ते भगवद्गीतेचें एडविन आर्नोल्ड यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर वाचीत होते. मूळ ग्रंथ आपल्याबरोबर बसून वाचावा, अशी विनंती त्यांनीं या हिंदु तरुणास केली. येथें कोणत्याही तरुणाची कसोटी लागली असती. आपल्याच धर्माचा ग्रंथ आपण वाचलेला नाहीं, संस्कृतांतही नाहीं आणि गुजरातींतही नाहीं, हें परक्यांपुढें कबूल कसें करावें? गांधीजींना लाज वाटली. पण त्यांनीं ती लपविली नाहीं. आपण गीता वाचलेली नाहीं व आपलें संस्कृतही जेमतेमच आहे, तरी बरोबर वाचण्यास आपण तयार आहों, असें त्यांनीं सांगून टाकलें. ज्या ग्रंथाला पुढें ते आपला नित्याचा आधार मानूं लागले, तो त्यांना असा परक्या वाचकांच्या सोबतीनें भेटला.

त्याच सुमारास एका शाकाहारी वसतिगृहांत मँचेस्टरच्या एका सज्जन ख्रिस्ती गृहस्थाची गांठ पडली. त्यानें बायबल वाचण्याचा आग्रह केला, व त्याच्याकडूनच गांधीजींनीं एक प्रत विकत घेतली. जुन्या करारांतील कांहीं भाग वाचतांना त्यांना झोंप येई, आणि ही गोष्ट त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत मोकळेपणानें नमूद केली. तथापि वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून त्यांनीं नेटानें वाचन चालूं ठेविलें. नव्या करारापाशीं आल्यावर मात्र चित्र पालटलें. येशूचें डोंगरावरील प्रवचन त्यांच्या अंतःकरणाला जाऊन भिडलें. मित्रानें दिलेलें पुस्तक कंटाळा आला म्हणून मध्येंच टाकून दिलें असतें, तर त्या पानांपर्यंत ते पोहोंचलेच नसते.

बॅरिस्टर होऊन ते १८९१ सालीं स्वदेशीं परतले, पण येथें वकिलीचा जम बसेना. १८९३ सालीं एका हिंदी व्यापारी पेढीच्या दाव्यासाठीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. गोऱ्या लोकांनीं काळ्या माणसाचा अपमान करावा अशी त्या देशाची रीत होती, व त्यांना स्वतःलाही आगगाडीच्या डब्यांतून रात्रीं खालीं उतरविण्यांत आलें. परंतु त्याच देशांत, प्रिटोरिया शहरीं, त्यांना कांहीं अत्यंत प्रेमळ ख्रिस्ती स्नेही भेटले. त्यांपैकीं कोट्स नांवाचा एक तरुण क्वेकर पंथाचा होता. तो गांधीजींना एकामागून एक पुस्तकें आणून देई. इतकीं कीं, त्यांचें फळीताट भरून गेलें. आणलेलें प्रत्येक पुस्तक वाचण्याचें गांधीजींनीं कबूल केलें होतें. दर रविवारीं दोघां प्रौढ भगिनींच्या घरीं चार वाजतां चहाला सर्वजण जमत. त्या वेळीं गांधीजी आठवडाभरांतील आपल्या मनाची रोजनिशी कोट्सच्या हातीं देत, आणि कोणतें पुस्तक वाचलें, त्यांतील काय पटलें, काय पटलें नाहीं, याची चर्चा चाले.

आजच्या विद्यार्थ्यानें या चहाच्या बैठकीकडे नीट पाहावें. तेथें कोट्सची इच्छा उघड होती. आपल्या या हिंदु मित्रानें ख्रिस्ती धर्म स्वीकारावा असें त्याला मनापासून वाटे. गांधीजींना ही इच्छा माहीत होती, तरी तेवढ्यासाठीं त्यांनीं एकही पुस्तक परत केलें नाहीं. कांहीं पुस्तकें त्यांना आवडलीं, कांहींतील युक्तिवाद त्यांना लंगडा वाटला, आणि दोन्ही गोष्टी त्यांनीं कोट्सला सारख्याच सरळपणें सांगितल्या. एकदां कोट्सनें त्यांच्या गळ्यांतील तुळशीची माळ पाहिली. ती केवळ भोळी समजूत आहे असें वाटून, ती तोडून टाकण्यास तो पुढें झाला. गांधीजींनीं त्याला थांबविलें. ही माळ आईनें प्रेमानें गळ्यांत घातली आहे. ती आपोआप झिजून तुटली तर नवी घेण्याचा आपला आग्रह नाहीं, पण विनाकारण आपण ती तोडणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. माळ राहिली, मैत्रीही राहिली, आणि पुस्तकांचें येणेंही थांबलें नाहीं. गांधीजी ख्रिस्ती झाले नाहींत. तरी त्या स्नेह्यांनीं आपल्या मनांत धर्मजिज्ञासा जागी केली, याबद्दल ते आपणांस त्यांचे कायमचे ऋणी समजत.

याच काळांत त्यांच्या मनांतील शंका मुंबईस रायचंदभाई नांवाच्या जैन गृहस्थांकडे पत्रानें जात. रायचंदभाई जवाहिऱ्याचा धंदा करीत, पण मन सारें धर्मचिंतनांत. त्यांनीं पत्रोत्तरें पाठविलीं व वाचण्यासाठीं हिंदु धर्मावरील ग्रंथही पाठविले. शिवाय गांधीजींनीं कुराणाचें भाषांतर मिळवून वाचलें, आणि टॉल्स्टॉयचा ईश्वरी राज्य मनुष्याच्या अंतरींच आहे हें प्रतिपादन करणारा ग्रंथ वाचून तर ते भारावून गेले. अशा रीतीनें एकीकडून ख्रिस्ती मित्र, दुसरीकडून जैन मित्र, असे दोघेही त्यांच्याशीं पुस्तकांच्या द्वारें बोलत होते. आणि दोघांचेंही ऐकून घेऊन निर्णय मात्र ते आपल्या बुद्धीनें व आपल्या विवेकाला साक्ष ठेवून करीत.

आतां त्या प्रसंगाकडे येऊं, ज्यानें त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. १९०४ सालीं ते जोहान्सबर्ग येथें नांवाजलेले वकील होते. तेथील शाकाहारी उपाहारगृहांत हेन्री पोलक या तरुण इंग्रज पत्रकाराशीं त्यांचा परिचय झाला. एकदां कामानिमित्त ते डर्बनला निघाले असतां पोलक त्यांना पोहोंचविण्यासाठीं स्टेशनवर आला, आणि वाटेंत वाचावयास म्हणून त्यानें जॉन रस्किनचें एक लहानसें पुस्तक त्यांच्या हातीं ठेविलें. आगगाडीचा प्रवास २४ तासांचा होता. गांधीजींनीं पुस्तक उघडलें आणि तें त्यांच्यानें खालीं ठेववेना. गाडी संध्याकाळीं डर्बनला पोहोंचली. त्या रात्रीं त्यांना झोंप लागली नाहीं.

त्या पुस्तकाचा इतिहासही मनोरंजक आहे. त्यांतील चार निबंध १८६० सालीं लंडनच्या एका मासिकांत छापून आले, तेव्हां वाचकांनीं इतका संताप केला कीं, संपादकानें लेखमाला आवरती घेतली. पैसा व माणुसकी यांची फारकत करणारें अर्थशास्त्र खोटें आहे, असें रस्किननें त्यांत म्हटलें होतें. गांधीजींनीं त्यांतून तीन गोष्टी उचलल्या: सर्वांच्या हितांत प्रत्येकाचें हित सांठविलेलें आहे, वकिलाच्या कामाचें व न्हाव्याच्या कामाचें मोल सारखेंच, कारण आपल्या कामावर पोट भरण्याचा हक्क दोघांचाही सारखाच, आणि शेतकऱ्याचें व कारागिराचें कष्टाचें जीवन हेंच खरें जीवन. पहिली गोष्ट त्यांना ठाऊक होती, दुसरी अंधुक दिसत होती, तिसरी मात्र कधीं मनांतही आली नव्हती.

पुस्तक आवडलें म्हणून आपण काय करतों? फार तर मित्राला तें वाच म्हणून सांगतों. गांधीजींनीं प्रथम तेंच केलें. आपल्या छापखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या वेस्ट नांवाच्या सहकाऱ्याला त्यांनीं पुस्तकांतील सार सांगितलें, पण त्याबरोबर एक योजनाही पुढें ठेविली. इंडियन ओपिनियन हें पत्र व त्याचा छापखाना शहरांतून उचलून शेतावर न्यावयाचा. सर्वांनीं अंगमेहनत करावयाची. आणि गोरा असो वा काळा, प्रत्येकास निर्वाहासाठीं दरमहा सारखेच ३ पौंड घ्यावयाचे. वेस्टनें ती मान्य केली. कित्येकांना मात्र ती पटली नाहीं. छापखान्याच्या मूळ चालकाला तर हा शुद्ध अविचार वाटला. परंतु लवकरच डर्बनपासून सुमारें १४ मैलांवर फिनिक्स येथें १०० एकर जमीन घेण्यांत आली, आणि साप, आंब्याचीं व संत्र्यांचीं झाडें, व एक मोडकें घर असलेल्या त्या रानांत वसाहत उभी राहिली. पोलकही कांहीं काळ तेथें राहावयास आला. आपण स्टेशनवर सहज दिलेल्या पुस्तकाचें असें फळ पाहून त्याला काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी.

हें पुस्तक इंग्रजी न जाणणाऱ्या आपल्या देशबांधवांपासून दूर राहावें हें गांधीजींना बरें वाटेना. १९०८ सालीं त्यांनीं त्याचा सारांश गुजरातींत लिहून आपल्या पत्रांत क्रमशः छापला, व त्याला सर्वोदय असें नांव दिलें. आज हा शब्द आपल्या जिल्ह्यांत शाळेंतील मुलालाही ठाऊक आहे. गांधीजींच्या मृत्यूनंतर, मार्च १९४८ मध्यें, त्यांचे सहकारी सेवाग्राम येथें जमले व त्यांनीं सर्वोदय समाजाची स्थापना केली. जोहान्सबर्गच्या स्टेशनावर एका मित्राच्या हातून दुसऱ्या मित्राच्या हातीं गेलेलें पुस्तक असें ४४ वर्षांनीं वर्ध्याच्या मातींत येऊन रुजलें.

१९०९ सालीं विलायतेहून आफ्रिकेस परततांना बोटीवर त्यांनीं हिंदस्वराज्य हें पुस्तक लिहिलें. त्याच्या शेवटीं त्यांनीं वाचकांसाठीं २० पुस्तकांची यादी जोडली. तींत टॉल्स्टॉय, रस्किन, थोरो, प्लेटो, मॅझिनी यांच्याबरोबर दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांचेही ग्रंथ आहेत. आपले विचार आपण कोठून मिळविले हें लपविणारे लेखक पुष्कळ असतात. गांधीजींनीं आपली शिदोरी उघडून वाचकांपुढें ठेविली, कीं ज्यांना हवें त्यांनीं मुळाशीं जाऊन पाहावें व आपली चूक असल्यास शोधून काढावी.

हिंदुस्थानांत परतल्यावर देशकार्याच्या धांवपळींत वाचनाला सवड उरली नाहीं. ती सवड सरकारनें दिली! १८ मार्च १९२२ रोजीं त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व पुण्याजवळील येरवड्याच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर ५ फेब्रुवारी १९२४ रोजीं त्यांची सुटका झाली. या सुमारें २२ महिन्यांत त्यांनीं दीडशेंच्या आसपास पुस्तकें वाचलीं. सुटून आल्यावर त्यांनीं आपल्या साप्ताहिकांत तुरुंगांतील अनुभवांची लेखमाला लिहिली, आणि तींत आपण काय काय वाचलें याचाही हिशेब वाचकांस दिला. एखाद्या विश्वस्तानें पैशाचा हिशेब द्यावा तसा हा वेळेचा हिशेब होता. गिबननें लिहिलेला रोमन साम्राज्याचा इतिहास, किप्लिंगच्या रानांतील प्राण्यांच्या गोष्टी, झूल व्हर्नच्या अद्भुत कथा, अशीं नाना तऱ्हेचीं पुस्तकें त्यांत होतीं. समग्र महाभारत आपण पूर्वीं वाचलेंच नव्हतें. तें म्हणजे लढायांचें लांबलचक वर्णन असा आपला ग्रह होता, तो वाचल्यावर पार पालटला, हेंही त्यांनीं सांगून टाकलें. पन्नाशी उलटलेला, साऱ्या देशानें पूजिलेला पुरुष आपलें अज्ञान चारचौघांत असें मोकळेपणीं सांगतो, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. वाचलेलें नसतां वाचल्याचें सोंग आणणें ही रोगाची लागण शाळेंतच होत असते.

यापुढची गोष्ट विशेषतः पालकांसाठीं आहे. १९२६ सालीं गांधीजी बहुतेक वर्षभर अहमदाबादजवळील साबरमती आश्रमांत राहिले. त्या वर्षीं ते पहाटे आश्रमवासीयांना गीता समजावून देत. त्याच वेळीं गुजरात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं आठवड्यांतील कांहीं वेळ आपल्यासाठीं मागितला. कोणतें पुस्तक बरोबर वाचावें हें गांधीजींनीं त्यांच्यावरच सोंपविलें, आणि बहुमत नव्या कराराच्या बाजूनें पडलें. वाचन सुरू झालें, आणि टीकेचीं पत्रें येऊं लागलीं. राष्ट्रीय विद्यापीठांत बायबल कशासाठीं? गीता, उपनिषदें संपलीं काय? कित्येकांनीं तर ते गुप्तपणें ख्रिस्ती झाले आहेत असाही आरोप केला.

गांधीजींनीं आपल्या पत्रांतून याला शांतपणें उत्तर दिलें. विद्यार्थ्यांनीं निवडलेलें पुस्तक आदरानें वाचून दाखविणें हें आपलें कर्तव्य होतें. दुसऱ्याचा धर्मग्रंथ सद्भावनेनें वाचल्यानें आपला धर्म दुबळा होत नाहीं, आपला स्वतःचा अनुभव तर उलटच आहे, अशा आशयाचें तें उत्तर होतें. त्यांनीं वाचन थांबविलें नाहीं.

प्रस्तुत लेखक स्वतः ख्रिस्ती शिक्षक आहे. या प्रसंगांतून दोन्ही बाजूंच्या लोकांनीं कांहीं शिकण्यासारखें आहे असें त्यास वाटतें. आपल्या शाळेंत हिंदु, मुसलमान, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशा सर्व घरांतील मुलें एका बांकावर बसतात व पुस्तकांची देवघेव करतात. मुलानें मित्राच्या घरचें निराळ्या धर्माचें पुस्तक आणलें म्हणजे कांहीं घरांत चिंता उत्पन्न होते. ख्रिस्ती घरांतही ती होते, हें कबूल केलें पाहिजे. अशा वेळीं पुस्तक हिसकावून घेण्यापेक्षां मुलाजवळ बसून तें त्याच्याबरोबर वाचावें, हें अधिक शहाणपणाचें. हिसकावलेलें पुस्तक तो लपून वाचील, आणि मग त्याला पडलेल्या शंका ऐकावयास कोणी नसेल. तसेंच, जो पुस्तक देतो त्यानेंही ध्यानांत ठेवावें कीं, घेणारा तें वाचील, मान देईल, आणि तरीही आपल्या मतावर राहील, असें होऊं शकतें. कोट्सला हें सोसावें लागलें. त्यानें तें सोसलें, म्हणूनच गांधीजींनीं त्याचें नांव पुढें प्रेमानें घेतलें.

१९३२ सालीं गांधीजी पुन्हां येरवड्यास होते. या खेपेस वल्लभभाई पटेल त्यांच्या सोबतीस होते व मार्च महिन्यांत महादेवभाई देसाई येऊन मिळाले. महादेवभाईंनीं त्या दिवसांची रोजनिशी लिहून ठेविली आहे. ती वाचतांना हा तुरुंग आहे कीं विद्यालय, असा भ्रम पडतो. ५६ वर्षांचे वल्लभभाई शाळकरी मुलाप्रमाणें संस्कृताचे धडे घोकीत, आणि साठी ओलांडलेले गांधीजी खगोलशास्त्राचीं पुस्तकें वाचून रात्रीं आकाशांतील तारे ओळखूं लागले. ही विद्या लहानपणींच शिकावयास हवी होती असें त्यांना वाटलें, म्हणून त्यांनीं आश्रमांतील मंडळींना पत्रें लिहून आकाशदर्शनाचा छंद लावला. त्याच वर्षीं धुळ्याच्या तुरुंगांत आपल्या वर्ध्याचे विनोबा भावे दर रविवारीं कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगत होते, आणि सानेगुरुजी तीं प्रवचनें झरझर उतरून घेत होते. भिंती उंच असल्या तरी वाचलेलें वाटून घेण्याला त्या आड येत नाहींत.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्यास आले, व ३० एप्रिल १९३६ रोजीं ते जवळच्या शेगांव खेड्यांत राहावयास गेले. त्या गांवाचें सेवाग्राम हें नांव १९४० सालीं पडलें. येथील एक हकीकत सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. परचुरे शास्त्री हे संस्कृताचे जाडे पंडित होते व देशकार्यासाठीं त्यांनीं तुरुंगवासही भोगला होता. पुढें त्यांना महारोग जडला. त्या काळीं या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता आणि लोक रोग्याच्या सावलीलाही भीत. १९३९ सालीं ते सेवाग्रामास आले. गांधीजींनीं आपल्या कुटीजवळच त्यांना झोंपडी बांधून दिली व ते रोज स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालीस करीत. जखमा धुतांना, तेल लावतांना, संस्कृत वचनांची व ग्रंथांची चर्चा चाले. प्रकृतीस थोडा आराम पडल्यावर शास्त्रीबुवा आश्रमांतील मंडळींना संस्कृत शिकवूं लागले. अन्न, वस्त्र व औषध तर त्यांना मिळालेंच. पण ज्याच्याशीं ग्रंथाविषयीं बोलावें असा मनुष्य मिळाला, हें दान कमी मोलाचें नव्हतें. समाजानें टाकलेल्या विद्वानाला विद्यार्थी देणें म्हणजे त्याला पुन्हां माणसांत आणणेंच होय. आज महारोग औषधांनीं पूर्ण बरा होतो. परंतु निराळ्या कारणांनीं एकटीं पडलेलीं माणसें अजूनही आपल्या आळींत आहेत.

याचा अर्थ गांधीजी पुस्तकी विद्येचे भोक्ते होते असा मात्र नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यासच भरलेल्या शिक्षण परिषदेंत त्यांनीं हातांच्या उद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला, व केवळ पाठांतरावर त्यांनीं कडक टीका केली. आपलें वाचन थोडें आहे असें ते स्वतःच सांगत. पण त्या थोड्याचें काय केलें तें पाहावें. ऑगस्ट १९४२ मध्यें त्यांना पुण्याच्या आगाखान महालांत बंदींत टाकलें. तेथें सातव्या दिवशीं महादेवभाई वारले, व फेब्रुवारी १९४४ मध्यें कस्तुरबाही गेल्या. त्या दुःखाच्या काळांतही सत्तरी उलटलेल्या या वृद्धानें, ज्यांचे विचार आपणांस पटत नाहींत त्या कार्ल मार्क्सचा ग्रंथ मिळवून वाचला. कारण आपले अनेक तरुण सहकारी तो वाचीत होते. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्ली येथें त्यांचा वध झाला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं प्रत्येकाला आश्रम स्थापन करतां येणार नाहीं. परंतु प्रिटोरियांतील रविवारची बैठक कोणालाही भरवितां येईल. तिला खर्च नाहीं. दोघे तिघे मित्र असावेत, प्रत्येकानें आठवड्यांत जें वाचलें तें सांगावें, आणि चार नियम पाळावेत. वाचलेलें नसेल तर नाहीं म्हणावें. वाचीन म्हटलें तर शेवटपर्यंत वाचावें. पटलें नाहीं तर देणाऱ्याला तोंडावर, पण प्रेमानें, सांगावें. आणि पटलें तर त्यांतील एक तरी गोष्ट कृतींत आणावी. शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटांतील पुष्कळ पुस्तकांच्या मागील चिठ्ठीवर वर्षानुवर्षें एकही नांव चढलेलें नाहीं. त्यांतलें एखादें पुस्तक तुम्ही घरीं न्या, आईवडिलांना त्यांतील दोन पानें वाचून दाखवा, आणि परत आणल्यावर शेजारच्या मुलाच्या हातीं द्या. त्याला त्या रात्रीं झोंप लागते कीं नाहीं, हें कोणी आधीं सांगावें?